गर्दी रंगवायची तर उभं कुठे राहायचं?

गेरू | सोमवार, रात्री ११:२०

मंडळी, मदत हवी आहे. थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

चित्रं काढणं हा माझा रविवारचा उद्योग. उरलेले सहा दिवस डोंबिवली ते दादर, पूल ओलांडून वेस्टर्न, पुढे माहीम, आणि संध्याकाळी उलट. बावीस वर्षं झाली. आजवर जलरंगात जे सगळे काढतात तेच काढलं: वाईचा घाट, मेणवलीचा वाडा, पावसातला माळशेज. नातेवाइकांच्या हॉलमध्ये लागली आहेत, कुणाची तक्रार नाही.

गेल्या दिवाळीत फराळ खाताना सहज डोक्यात आलं. वाईला मी उभ्या आयुष्यात चारदा गेलोय आणि वाईची अकरा चित्रं काढलीत. ज्या पुलावरून रोज दोनदा जातो त्याचं एकही नाही. मग तीन बाय चार फुटांचा कॅनव्हास आणला, ॲक्रिलिक घेतले आणि ठरवलं की दादरचा मधला पूल, संध्याकाळी पावणेसातची वेळ.

पहिला प्रयत्न: पेन्सिलनं एकेक माणूस नीट काढला, पासष्टच्या वर भरले. रंगवून झाल्यावर पाहिलं तर सगळे सहलीला आल्यासारखे! कुणी कुणाला खेटलेलं नाही, सगळ्यांचे भांग जागेवर.

दुसरा प्रयत्न: चिडून सपाट सुरी घेतली आणि नुसते फटकारे मारले. ओला रस्ता, काळी-पिवळी टॅक्सी, दहा-बारा छत्र्या. (पुलावर टॅक्सी कुठून आली ते विचारू नका, हात आपोआप वळला.) मेव्हणीनं विचारलं, "ही भेळ आहे का?" पण तिच्याच नवऱ्यानं ते चित्र मागून नेलं आणि आता त्यांच्या ऑफिसात लागलंय. मला त्याच्याकडे बघवत नाही. कोणत्याही शहराच्या नावानं खपेल असं कॅलेंडर आहे ते.

तिसरा अर्धवट, भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

प्रश्न असा की गर्दीत चेहरे काढायचे की नाही? काढले तर गर्दी जाते, नाही काढले तर माणसं जातात. कुणी हे जमवलेलं पाहिलंय का?

पेठकर | सोमवार, रात्री ११:४१

जिच्यातून सुटायला माणूस सुट्टीची वाट बघतो ती भिंतीवर कशाला लावायची म्हणे? वाईचा घाट उत्तम आहे. बारावं काढा.

(हलके घ्या.)

चौथी सीट | मंगळवार, सकाळी ८:०५

गेरू, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. पण आत्ता डब्यात उभी राहून टाइप करतेय, तर समोर काय दिसतंय ते सांगते. एक कान, त्यात कुडी. मानेवर पावडरचा पांढरा पट्टा. कुणाच्या तरी पर्सची चेन, अर्धी उघडी. डोक्यावरून गेलेला एक हात, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या. गजरा, कालचा. माझ्या नाकापासून हे सगळं चार बोटांवर आहे.

अख्खी बाई एकही दिसत नाहीये. माझ्या पायावर पाय देऊन उभी आहे ती कशी दिसते, मला माहीत नाही.

तुमच्या पासष्ट माणसांपैकी प्रत्येकाचे पाय दिसत होते का हो? मग तुम्ही पुलावर नव्हतातच. कुठेतरी लांब, हवेत उभे होतात.

गेरू | मंगळवार, सकाळी ९:३०

पाय दिसत होते. सगळ्यांचे. चपलासुद्धा.

(ऑफिसात आहे, संध्याकाळी सविस्तर लिहितो. पण हे वाचून पोटात खड्डा पडला.)

कोळशाची कांडी | मंगळवार, दुपारी २:१५

चौथी सीट ताईंनी "ओ की ठो कळत नाही" म्हणत जे सांगितलं, ते मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवताना महिनाभर घसा फोडतो. कलाशिक्षक आहे, त्यामुळे थोडं पाल्हाळ होईल.

गेरू, सपाट जागेवर तुम्ही गर्दीत उभे असाल तर बहुतेकांचे डोळे तुमच्या डोळ्यांच्या पातळीला असतात, मग तो दोन हातांवर असो की पन्नास फुटांवर. म्हणजे कागदावर एक आडवी रेघ मारा, जवळची आणि लांबची सगळी डोकी त्या रेघेवर येतात. बुटका थोडा खाली, उंच थोडा वर. लांबच्या माणसाचं डोकं लहान होतं, पण रेघ सोडत नाही. मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यांमधल्या फटींतूनच दिसतात. गर्दीची भिंत होते ती अशी. आणि तुम्ही जिन्यावर किंवा गच्चीत गेलात की तीच डोकी कागदावर वर वर पसरत जातात आणि भिंतीची सतरंजी होते. बाजाराची, मिरवणुकीची बहुतेक चित्रं सतरंजीची असतात, कारण त्यात सगळं "दाखवता" येतं. तुमचा पहिला प्रयत्न बहुधा भिंतीचा विषय आणि सतरंजीची मांडणी असा झालाय. म्हणून ती सहल.

दुसरं. माणसं काढू नका, फटी काढा. दोन खांद्यांमधला त्रिकोण, काखेखालून दिसणारा ट्यूबलाइटचा तुकडा. या फटींचे आकार नीट पकडले की माणसं आपोआप एकमेकांना खेटतात.

तिसरं, पांढऱ्या कॅनव्हासवर सुरू करू नका. पुलाखाली पांढरं काही नसतं. आधी गेरू, काळा आणि थोडा हिरवा मिसळून (नाव तुमचंच!) पातळ हात मारून घ्या. मग उजेड जिथे असेल तेवढाच वर काढा.

चेहऱ्यांचं म्हणाल तर "काढायचे की नाही" असा प्रश्नच नाही. चार-पाच पूर्ण, दहाएक अर्धे, बाकीचे नुसते आकार. आपला डोळा तरी दुसरं काय करतो?

राहिली भावनेची बाजू. जर्मन चित्रकार किर्शनर १९११ मध्ये ड्रेस्डेन सोडून बर्लिनला आला आणि १९१३ ते १९१५ मध्ये त्यानं तिथल्या रस्त्यांची चित्रं केली. बघा जरूर. माणसं सुयांसारखी टोकदार, चेहऱ्यांवर हिरवा-गुलाबी उजेड, फूटपाथ अंगावर आल्यासारखा कलता. सगळे एकमेकांच्या अंगाला अंग लावून, आणि एकाचीही नजर दुसऱ्याला भिडत नाही. त्याच्या चित्रातले चेहरे जवळजवळ सारखेच आहेत. मुखवटे म्हणा. पण कोणत्याही शहराच्या नावानं खपतील असं कुणी म्हणणार नाही.

मिसळीचा कट | मंगळवार, दुपारी ३:०२

फोटो काढा की राव. आजकालचे मोबाइल रात्रीचेही भारी काढतात.

कोळशाची कांडी | मंगळवार, दुपारी ३:२०

फोटोत त्या एका क्षणाची गर्दी येते. गेरूंना बावीस वर्षांची काढायची आहे.

मिसळीचा कट | मंगळवार, दुपारी ३:२४

बरं. माघार.

ठाणे स्लो | मंगळवार, रात्री १०:४८

कुणीतरी सुधीर पटवर्धनांचं नाव घेईल म्हणून दिवसभर वाट पाहिली. शेवटी मीच घेतो.

२०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे काळा घोड्याजवळच्या एनजीएमएत, त्यांच्या एकूण कामाचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. मी तीनदा गेलो. पहिल्यांदा बायकोबरोबर, मग दोनदा एकटा, ऑफिसला दांडी मारून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पटवर्धन पुण्याचे, जन्म १९४९. सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, १९७३ मध्ये मुंबईला आले आणि ठाण्यात क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून अनेक वर्षं व्यवसाय केला. चित्रकलेची पदवी नाही. दिवसा लोकांच्या छातीचे, हाडांचे फोटो बघायचे आणि उरलेल्या वेळात त्याच लोकांना रंगवायचं. २००५ च्या सुमारास डॉक्टरकी थांबवून पूर्णवेळ चित्रं.

१९७७ चं 'इराणी रेस्टॉरंट' घ्या, किंवा ८१ चं 'ओव्हरब्रिज' (गेरू, पूलच आहे!). मला त्यांत सगळ्यात आधी जाणवलं ते वजन. माणसं जाडजूड नाहीत, पण भारी आहेत. फर्नां लेजे या फ्रेंच चित्रकाराचा प्रभाव सांगतात तो इथे दिसतो. खांदे, दंड, पोटऱ्या, सगळं घडीव. हा माणूस आठ तास उभा राहून आलाय आणि अजून तासभर उभा राहणार आहे हे त्याच्या पायांवरून कळतं. (चौथी सीट ताई, इथे पाय दिसतात, पण त्यांना कारण आहे.) गर्दीतला प्रत्येक जण वेगळा, तरी कुणीही "हिरो" नाही. कामगाराच्या हातात झेंडा नाही, मूठ आवळलेली नाही. आपण ज्यांना रंगवतो त्यांनी चित्रासमोर उभं राहिलं तर त्यांना त्यात आपलं माणूस दिसावं, अशी त्यांची धडपड असल्याचं त्यांच्याबद्दलच्या लिखाणात वाचलं होतं. प्रदर्शनात मी चित्रांइतकाच पहारेकऱ्याकडे बघत होतो. 'ओव्हरब्रिज'समोरच्या खुर्चीत बसलेले काका दिवा-कळव्याकडचे असावेत, ते बसल्या जागी चित्रात बसल्यासारखेच दिसत होते.

१९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' नावाचं प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत झालं होतं. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि पटवर्धन. अमूर्त चित्रांचा तेव्हा दबदबा होता आणि या सहा जणांचं म्हणणं नावातच होतं, चित्रात माणसांना जागा द्या. आज वाटतं त्यात काय एवढं! पण गेरू, तुमचा दुसरा प्रयत्न (भेळ) आणि पहिला (सहल) यांमध्ये जी खिंड आहे, तिथूनच ही मंडळी गेली.

आणखी एक. २००८ च्या आसपास पटवर्धनांनी पुढाकार घेऊन 'विस्तारणारी क्षितिजे' हे आधुनिक भारतीय चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत फिरवलं होतं. मुंबईबाहेरच्या कुणी पाहिलं असेल तर जरूर लिहा.

पेठकर | मंगळवार, रात्री ११:१०

पुण्याचे निघाले ना शेवटी! आता बोला.

परळचा भाऊ | बुधवार, पहाटे ५:५०

पहिल्यांदाच लिहितोय इथे. पोरीनं मराठी कीबोर्ड टाकून दिला. चुका होतील.

मी डिलाइल रोडच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत, आधी बदली मग कायम. आमच्याकडे गर्दीला टाइम होता. भोंगा झाला की पाळी सुटायची आणि रस्ता भरायचा. ती गर्दी मी ओळखायचो. म्हणजे खरंच ओळखायचो. हा खालच्या मजल्यावरचा, हा सासवडचा, हा भजनात टाळ वाजवतो, याच्याकडे वडलांचे पैसे आहेत. कापसाची बुरबुर केसात, भुवयांवर. लहानपणी वाटायचं माणूस कामावरून आला की म्हातारा होऊन येतो आणि आंघोळ केली की परत तरुण.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखाच्या आसपास माणूस बाहेर. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. संप कधी संपलाच नाही, माणसंच संपत गेली. मला तेव्हाचा आवाज आठवत नाही, आवाज नसणं आठवतं. भोंगा बंद झाल्यावर आई काही दिवस भात लावायला उशीर करायची, कारण तिचं घड्याळ तेच होतं.

आता त्याच रस्त्यावर सकाळी परत गर्दी असते. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड. त्यातला एकही जण मला ओळखत नाही आणि मी पण नाही. वाईट पोरं नाहीत, माझीच पोरगी त्यात आहे. पण गेरू साहेब, तुम्ही विचारलं चेहरे काढायचे का. मी म्हणेन, तुम्ही ओळखता का त्यांना? ओळखत असाल तर काढा. नसाल तर उगाच नाक डोळे लावून काय उपयोग.

ठाणे स्लो | बुधवार, सकाळी ७:३०

भाऊ, नमस्कार. 'लोअर परळ' नावाचं पटवर्धनांचं २००१ चं मोठं चित्र आहे. रूळ, पूल, जुन्या गिरण्या आणि मागे वर चढत चाललेल्या नव्या इमारती. तुम्ही सांगितलेले दोन्ही काळ एकाच चित्रात एकमेकांना ढकलतात. तिथे वजनदार माणसं नाहीत, शहरच वजनदार झालंय आणि माणसं लहान. मला ते आधी थोडं कोरडं वाटलं होतं. तुमचं वाचून आता तसं वाटत नाही.

परळचा भाऊ | बुधवार, रात्री ९:१५

पोरीनं फोनवर काढून दाखवलं. गिरणीची चिमणी शोधत होतो आधी.

एक सांगायचं राहिलं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेवीस माणसं गेली. मी त्या जिन्यानं रोज जायचो, त्या दिवशी पाऊस म्हणून घरातून उशिरा निघालो, एवढंच. लष्करानं नवीन पूल बांधला, तो पुढच्या वर्षी सुरू झाला, चांगला आहे. पण तेव्हापासून वरून काढलेली गर्दीची चित्रं, फोटो, टीव्हीवरचं विसर्जन, काही बघवत नाही. वरून बघणाऱ्याला नक्षी दिसते.

चौथी सीट | बुधवार, रात्री ९:४०

भाऊ 🙏

डोळस | बुधवार, रात्री ११:३०

भाऊंच्या प्रतिसादानंतर लिहायला धजत नव्हतो, पण विषय तोच आहे.

डॉक्टर चित्रकार आणखी एक होते, गीव्ह पटेल. कवी, नाटककारही. जन्म १९४०, २०२३ मध्ये गेले. मुंबईत जनरल प्रॅक्टिस करायचे. त्यांचं 'ऑफ लॅमिंग्टन रोड' हे गल्लीतल्या माणसांचं मोठं चित्र १९८२ ते ८६ असं चार वर्षं चाललं होतं. चार वर्षं! गेरूंनी एका दिवाळीपासून तीन कॅनव्हास संपवले.

माझा आपला एक तर्क. दवाखान्यात माणूस एकेकटा येतो. बाहेर बाकावर गर्दी, आत खुर्चीत एक जण, शर्ट वर करून. डॉक्टरला गर्दीतला प्रत्येक जण आतून ठाऊक असतो, कुणाला खोकला, कुणाला साखर. भाऊंना पाळीची माणसं जशी ठाऊक होती, तशी. त्यामुळे असा माणूस जेव्हा सगळ्यांना परत रस्त्यावर एकत्र उभं करतो, तेव्हा तो घोळका होत नाही. चेहरे वेडेवाकडे असतात, पण ती विटंबना वाटत नाही.

मिसळीचा कट | बुधवार, रात्री ११:३५

म्हणजे आधी एमबीबीएस, मग ब्रश. गेरूकाका, नीटचा फॉर्म भरा.

मँचेस्टरकर | गुरुवार, रात्री २:४०

इथे आत्ता कुठे रात्र होतेय, म्हणून ही वेळ.

डॉक्टरकी नको असेल तर भाडेवसुली चालेल! एल. एस. लौरी हा आमच्या इथला चित्रकार. १९५२ मध्ये निवृत्त होईपर्यंत एका मालमत्ता कंपनीत भाडं गोळा करायची नोकरी. दिवसभर कामगार वस्तीत दारोदार फिरायचा आणि रात्री रंगवायचा. कापड गिरण्या, धुराडी, गेटातून आत-बाहेर करणारी माणसं. काड्यापेटीतल्या काड्यांसारखी माणसं म्हणून त्याला हसायचे. सॅल्फर्डला त्याच्या नावाचं कलाकेंद्र आहे, माझ्या घरापासून ट्रामनं वीस मिनिटं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही बालचित्रकला वाटली. मग बाहेर ट्राम स्टॉपवर थंडीत पुढे वाकून चालणारी रांग बघितली आणि समजलं, हा कलच त्यानं बरोबर उचललाय. त्याच्या माणसांना चेहरा लागत नाही, चालीवरून ओळखू येतात.

कोळशाची कांडी यांना एक आक्षेप आहे, नम्रपणे. तुम्ही म्हणता पांढऱ्यावर सुरू करू नका. लौरी मुद्दाम पांढऱ्याच थरावर काढायचा. त्याची सुरुवातीची चित्रं फार काळोखी होतात असं त्याला सांगितलं गेलं होतं, म्हणून. आणि आयुष्यभर रंग पाचच: काळा, शेंदरी, प्रशियन निळा, पिवळा गेरू आणि पांढरा. त्या पांढऱ्यामुळे एवढ्या गर्दीत प्रत्येक माणूस एकटा दिसतो.

कोळशाची कांडी | गुरुवार, सकाळी ८:००

आक्षेप मान्य. पण ते सॅल्फर्डचं आकाश आहे. दादरच्या पुलाखाली पांढरं आणायचं तर ट्यूबलाइटवाल्याला सांगावं लागेल. आणि इथला माणूस एकटा दिसतो का? चौथी सीट ताईंच्या पायावर पाय आहे.

परळचा भाऊ | गुरुवार, सकाळी ८:२०

मँचेस्टरकर, तिथल्या गिरण्यांचं आता काय आहे?

मँचेस्टरकर | गुरुवार, दुपारी ४:१०

काही पाडल्या. काहींत फ्लॅट झाले, उंच छत, लाल विटा तशाच ठेवून, महाग. एकीत मी भाड्यानं राहतो, भाऊ. काय सांगू.

इचलकरंजीचा माग | गुरुवार, दुपारी ४:४५

आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. इथे अजून माग चालू आहेत, खटखट ऐकायची असेल तर सगळे या. चित्र काढायलाही या, पण मागावाल्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं.

रेघोट्या | गुरुवार, रात्री १०:०५

जितीश कल्लाट राहिले. आपल्या जेजे कला महाविद्यालयाचेच. २००७ ची 'डॉन कोरस' मालिका आहे, सिग्नलला पुस्तकं विकणारी मुलं मोठ्या कॅनव्हासवर. त्या मुलांचे केस जवळ जाऊन बघितले तर केस नसतातच. माणसं, गाड्या, घरं, सगळं शहर गुंता होऊन डोक्यावर बसलेलं असतं. आणि कॅनव्हास टेकलेले असतात ते ब्राँझच्या प्राण्यांवर, व्हीटीच्या इमारतीवर जे दगडी विचित्र प्राणी आहेत त्यांच्या प्रतिकृती. बावीस वर्षं प्रवास करणाऱ्या किती जणांनी ते मूळ प्राणी मान वर करून पाहिलेत?

मला विचाराल तर गेरू यांच्या प्रश्नाला हेही एक उत्तर आहे. चेहरा एकच, मोठा, आणि गर्दी त्याच्या डोक्यात.

चौथी सीट | गुरुवार, रात्री १०:३०

हे सगळं छान आहे. पण मंडळी, आत्तापर्यंत जेवढी नावं आली त्यात बाई एकच, नलिनी मलानी, तीही यादीत. आमचा डबा कुणी काढलाय का? सात अठ्ठावन्नला एका बाकावर मटार सोलले जातात, दुसऱ्यावर एक जण सांगून ठेवलेल्या सीटवरून भांडत असते, क्लिपावाली मधूनच "हलवा ना ताई" करत सरकते, आणि दसऱ्याला त्याच डब्याची हार घालून पूजा. आमच्या गर्दीत आम्ही एकमेकींना ओळखतो, भाऊंच्या पाळीसारखं. फक्त दारातल्या घोळक्यात ओळख नसते, कारण तिथे तोंड बाहेर.

रेघोट्या | गुरुवार, रात्री १०:५५

ताई, तुम्हीच काढा. पहिल्या प्रतिसादात अर्धं काढलंच आहे.

पेठकर | शुक्रवार, सकाळी ७:१५

मान्य करतो की धागा अपेक्षेपेक्षा चांगला चाललाय. आमच्याकडे लक्ष्मी रोडवर गणपतीत अशी गर्दी असते, पण ती हौसेची. रोजची नाही. फरक आहे खरा.

गेरू | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:३०

गायब होतो, माफी. काम चालू होतं.

आधी कॅनव्हासला हातच लावला नाही. कोळशाची कांडी यांनी सांगितलेल्या फटी काढायला बसलो, म्हणजे उभा राहिलो. डब्यात वही उघडायला जागा नसते, म्हणून पासाच्या प्लास्टिकमध्ये कार्डाएवढे कागद कापून ठेवले आणि बॉलपेन. एका स्टेशनात एक फट. घाटकोपर ते कुर्ला, एक काख आणि तिच्यातून दिसणारी खिडकीची जाळी. पहिल्या आठवड्यात एका गृहस्थांनी विचारलं, "सर्व्हे आहे का?" दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच माझ्यासाठी कोपर आत घेतलं. एकशे चाळीसच्या वर कागद झालेत.

मग दादरला गेलो आणि नुसता उभा राहून बघितलं की मी नक्की कुठे असतो. (२०२३ अखेरीस प्लॅटफॉर्मचे नंबर बदलले, ते मला अजून पाठ नाहीत, पाय आपोआप जातात.) मी पुलावर नसतोच जास्त वेळ. जिन्यावर असतो. आणि जिना उतरताना समोर चेहरे नसतातच हो, माना असतात. पन्नास माना, घामेजलेल्या कॉलर, टक्कल, वेण्या, बॅगांचे पट्टे. बावीस वर्षं मी माणसांच्या माना बघत आलोय आणि चेहरे काढायला बसलो होतो.

तीन बाय चार सोडून दिला. दीड बाय दोन फूट, उभा. भिंत नाही आणि सतरंजी नाही, घसरगुंडी आहे. खाली डाव्या कोपऱ्यात कठड्यावर एक हात आहे, तो माझा. घड्याळ काढलंय त्यावरून बायकोनं ओळखला. चेहरा एकच, खालून वर येणारी एक बाई, उलट्या प्रवाहात. ती रोज असते. नाव माहीत नाही. भाऊंच्या नियमात बसते की नाही ठाऊक नाही, पण ती दिसली नाही तर मला चुकल्यासारखं होतं.

दोष: खालचा अर्धा भाग चिखल झालाय. तपकिरीत तपकिरी मिसळत गेलो. तिचा चेहरा पाचदा पुसला, आता त्या जागी रंगाचं टेंगूळ आलंय. फोटो खाली जोडलाय.

कोळशाची कांडी | रविवार, रात्री ९:५५

टेंगूळ राहू द्या. चिखलात थंड रंग हवा, अगदी थोडा, मानांच्या कडेला. ट्यूबलाइट डावीकडून येतेय ना? मग कॉलरींना डावीकडे हिरवट काठ द्या आणि थांबा. खरंच थांबा.

चौथी सीट | रविवार, रात्री १०:१०

पाय दिसत नाहीत. 👍

तिसऱ्या पायरीवरच्या बाईच्या ब्लाउजचं हुक उसवलंय, ते तुम्ही मुद्दाम काढलंत की चुकून आलं?

गेरू | रविवार, रात्री १०:१४

ब्रशचा केस चिकटलाय तो.

चौथी सीट | रविवार, रात्री १०:१५

काढू नका.

परळचा भाऊ | सोमवार, पहाटे ५:४५

बघितलं. बराच वेळ बघितलं. वरूनच आहे पण वरून वाटत नाही, हातामुळे असेल.

जिन्याच्या खाली उजवीकडे शिंगाडे घेऊन एक म्हातारी बसते. ती कुठे आहे?

गेरू | सोमवार, सकाळी ८:५०

अरेच्चा. आज संध्याकाळी बघतो.

चौथी सीट | सोमवार, सकाळी ८:५८

संध्याकाळी नसते. सकाळचीच असते ती, साडेदहाला उठते.